टोचनची जीप: वर्तकनगरच्या गॅरेजातून एक नोंद

भात झोडून झालं, भेंडीच्या लागवडीला अजून आठ दिवस आहेत, म्हणून मधल्या वेळात कमांडर घेऊन वर्तकनगरला जाऊन आलो. मागच्या वेळी भेंडीच्या बियाण्यावर लिहितो म्हटलं होतं, ते पुढच्या खेपेला. आज गाडीवर लिहितो. कारण गाडीची आरसी मार्च २०२६ ला संपतेय आणि घरात दोन पक्ष पडलेत. मुलगा म्हणतो भंगारात द्या, पिकअप घेऊ. मी अजून काही बोललो नाही.

आपली गाडी म्हणजे महिंद्राची कमांडर, १९९६ चं मॉडेल, डीआय डिझेल इंजिन २५२३ सीसी, फोर व्हील. पुढे-मागे पाटे, वर ताडपत्री. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावात तिला कुणी कमांडर म्हणत नाही, सगळे टोचनची जीपच म्हणतात. पावसाळ्यात कुणाचा टेम्पो चिखलात रुतला, लग्नाची गाडी ओढ्यात अडकली, की फोन मला. शिवाय आमचं मळणी यंत्र, उन्हाळ्यात पाण्याची टाकी, डिझेल पंप, भेंडीचे क्रेट, सगळं हिच्याच मागे लावून फिरलंय. तेव्हा ही गाडी कुठून आली आणि ओढायला हीच का, हे एकदा नीट लिहून ठेवावं म्हणतो. पोरांना वाटतं जीप म्हणजे सिनेमातल्या पाटलाची गाडी.

जीप जन्मली लढाईसाठी, हे बहुतेकांना ठाऊक असतं. १९४० साली अमेरिकेच्या लष्कराने कंपन्यांना सांगितलं, पाव टन वजन नेणारी हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी द्या, पहिला नमुना ४९ दिवसांत. बँटम नावाच्या एका छोट्या, बुडायला आलेल्या कंपनीने तो नमुना करून २३ सप्टेंबर १९४० ला लष्कराच्या दारात उभा केला. गाडी पसंत पडली. पण लष्कराला वाटलं, एवढीशी कंपनी लाखांनी गाड्या कुठून देणार? मोठ्या ऑर्डरी गेल्या विलीज आणि फोर्डला. लढाई संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा झाल्या, त्यात बँटमच्या तीन हजारसुद्धा नाहीत. मग बँटमच्या हाती काय राहिलं? जीपच्या मागे लावायचा दोन चाकी पाव टनी ट्रेलर. त्याचा पत्रा असा बंद केलेला की नदीत घातला तर तरंगायचा. म्हणजे ज्याने जीप शोधली तो शेवटी ट्रॉल्या करत बसला. आपल्याकडे बियाणं शोधणाऱ्याचं काय होतं ते आठवलं मला.

सांगायचं हे की ट्रेलर ही जीपला मागाहून सुचलेली गोष्ट नाही. पहिल्यापासून तिच्या पाठीमागे हुक आहे.

लढाई संपल्यावर १९४५ मध्ये विलीजने साध्या लोकांसाठी सीजे-२ए काढली, आणि गिऱ्हाईक कोण धरलं, तर शेतकरी. मागे पीटीओ, ओढायची पट्टी, नांगर लावा, मळणी चालवा, माल बाजारात न्या, रविवारी तीच घेऊन देवळात जा, अशा तिच्या जाहिराती असायच्या. नांगराचं काम काही तिला झेपलं नाही असं माझं मत आहे. वजन कमी, चाकं लहान, आणि ट्रॅक्टरसारखं सावकाश चालणं तिच्या रक्तात नाही. पण ओढायचं काम मात्र तिने केलं. ते कसं, हे आकड्यात बघा म्हणजे पटेल.

जुन्या सीजे-३बी जीपचा टी-९० गिअरबॉक्स तीन गिअरचा. पहिल्या गिअरचं प्रमाण २.८. त्याच्या मागे लहान गिअरबॉक्स, म्हणजे आपण ज्याला फोर व्हीलचा दांडा म्हणतो, त्याचं लो मध्ये २.४६. आणि हाऊसिंगमधल्या क्राऊन-पिनियनचं ५.३८. तिघांचा गुणाकार करा, ३७ येतो. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. म्हणून सत्तर-पंच्याहत्तर घोड्यांचं इंजिन रुतलेला टेम्पो उपसून काढतं, आणि त्याच कारणाने ती हायवेवर साठच्या पुढे बोंबलायला लागते. लोक म्हणतात जीपमध्ये ताकद आहे. ताकद बेताचीच आहे, तिची वाटणी ओढीकडे केलेली आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १९४५ मध्ये जे. सी. महिंद्र आणि के. सी. महिंद्र या भावांनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्याबरोबर पोलादाची कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ ला कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. १९४७ पासूनच विलीजच्या जीपा सुट्या भागांत आणून मुंबईत जोडायचं काम सुरू झालं होतं. माझगावला जोडणी व्हायची, पुढे कांदिवलीला मोठा कारखाना झाला.

त्याच काळात सरकारने लंडनहून लष्करासाठी जुन्या दुरुस्त केलेल्या जीपा मागवल्या होत्या, तो १९४८ चा जीप घोटाळा. पैसे बहुतेक आधीच दिलेले, आल्या १५५, आणि त्या लष्कराने नापास केल्या. १९५५ मध्ये सरकारने ते प्रकरण मिटलं म्हणून जाहीर केलं. जुनी जीप चासी न बघता घेऊ नये, एवढं तरी आपण त्यातून घ्यायला हरकत नाही.

आमच्या ठाणे जिल्ह्याचा जीपशी संबंध त्याच्याही आधीचा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराच्या मोठ्या छावण्या होत्या. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित राहायला आले, आणि १९४९ साली त्या कॅम्पाचं उल्हासनगर झालं. म्हातारी माणसं अजून कॅम्पच म्हणतात. माझे आजोबा सांगायचे, लढाईच्या दिवसांत पहिल्यांदा मोटार पाहिली ती लष्कराची, आणि बैल बुजून शेतात पळाले.

जीपचा शेतीशी खरा सांधा मात्र पुढे जुळला. १९६३ मध्ये महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली. त्यांचा बी-२७५ ट्रॅक्टर जुन्या लोकांना आठवत असेल. जीप तेव्हा पेट्रोलवर होती आणि पेट्रोल पिण्यात वस्ताद. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं. तेव्हा ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं गेलं. आपल्या कमांडरचं डीआय इंजिन त्याच वंशातलं. म्हणून तिचा आवाज ट्रॅक्टरसारखा आहे, आणि म्हणूनच गावातला ट्रॅक्टरवाला मिस्त्री तिच्यात हात घालू शकतो. दुसरी शाखा प्युजोच्या इंजिनाची. फ्रेंच कंपनीचं डिझेल इंजिन, आपल्याकडे इगतपुरीच्या कारखान्यात तयार व्हायचं. ते जास्त मऊ चालतं, पण मला ओढायला डीआय बरं वाटतं. यावर भांडणारे पुष्कळ आहेत, त्यांनी भांडावं.

पुढे १९९३ ला अरमाडा आली, १९९४ ला टाटा सुमो. सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन सुमो नाव ठेवलं. १९९८ ला सफारी, २००० ला बोलेरो, २००२ ला स्कॉर्पिओ. गाड्या बसायला चांगल्या होत गेल्या. कमांडर मागे पडली ती मागेच पडली.

आता वर्तकनगर. १९८५ ला दहावी झालो, पुढे शिकायची ऐपत नव्हती. मामा वर्तकनगरला हाऊसिंग बोर्डाच्या बिल्डिंगमध्ये राहायचे, त्यांनी बोलावून घेतलं. एका खोलीत सात माणसं. पोखरण रोडला एका बाजूला रेमंडची गिरणी, खाली हायवेच्या तोंडाला कॅडबरी कंपनी. मामांनी मला एका गॅरेजात लावलं. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक आंब्याचं झाड. मिस्त्री मुसलमान, उत्तरेकडचे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्याकडे जीपांचं काम होतं. एका जुन्या जीपच्या मागे त्यांनी लोखंडी चॅनेल उभे करून हाताने फिरवायची क्रेन बसवलेली, तिने बंद पडलेल्या गाड्या उचलून आणायच्या. घोडबंदर रोड, मुंब्रा बायपास तेव्हा नव्हता, जुना रस्ता, कुठे कुठे जायचो आम्ही.

तिथेच जीपांची गॅरेजं का, हे मला तेव्हा कळत नव्हतं, नंतर कळलं. दोन-तीन किलोमीटरवर वागळे इस्टेट. एमआयडीसीची १९६२ ची पहिली वसाहत. तिथे लेथ, मिलिंग, हार्डनिंग, सगळं होतं. शाफ्ट मोडला तर नवीन आणायला मुंबईला जायचं कारण नाही, नमुना घेऊन वागळेला जायचं, संध्याकाळी तसाच दुसरा हातात. सायकलवर मीच जायचो. जीपचं आयुष्य वाढवलं ते कंपनीइतकंच या लेथवाल्यांनी. गाडीही तशी उदार. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ ला बंद झाली, पण आपल्याकडे तोच साचा थोडाफार बदलून पुढे कितीतरी वर्षं चालला, म्हणून एकाचा भाग दुसऱ्याला बसतो.

चाचांचं एक वाक्य अजून कानात आहे. कुणी गिऱ्हाईक फुशारकी मारायला लागला की आमची जीप दोन टन खेचते, की ते म्हणायचे, "खींचने का क्या, बैल भी खींचता है. रोकेगा कौन?"

मला ते वाक्य कळायला एकोणीस वर्षं लागली. वडील आजारी पडले म्हणून मी १९८७ ला गावी परतलो. ही कमांडर २००१ ला सेकंड हँड घेतली. २००४ च्या डिसेंबरात ओतूरहून कांदा भरून येत होतो. मागे ट्रॉली, तिच्यावर धाकटा भाऊ बसलेला. ट्रॉलीवर माणूस बसवू नये हे मला ठाऊक होतं. हुकाची पिन महिनाभर आधी हरवली होती, तिच्या जागी मी दुकानातला साधा नट-बोल्ट घातला होता. वर्तकनगरला जाऊन चांगल्या स्टीलची पिन करून आणायची होती, भाताच्या गडबडीत राहिली. ट्रॉलीला ब्रेक नाही, आपल्याकडे कुणाच्या असतो? माळशेजच्या उतारावर ट्रॉली मागून ढकलत होती, मी तिसऱ्यावर होतो, दुसरा टाकायला हवा होता. एका वळणावर हिसका बसला आणि बोल्ट कातरला. साखळी लावलेली नव्हती. ट्रॉली डोंगराच्या बाजूला गेली म्हणून आज हे लिहितोय, दरीच्या बाजूला गेली असती तर लिहिलं नसतं. भावाचा पाय चाकाखाली आला. तो आजही लंगडतो. मला त्याने कधी बोल लावला नाही. बोल्ट मी घातला होता हे त्याला माहीत आहे.

त्यामुळे आता जे लिहितो ते पुस्तकातलं समजू नका.

टोचनच्या गाडीत पहिलं बघायचं ते इंजिन नाही, हुक बघायचा. हुक कशाला वेल्ड केलाय? मागच्या बंपरला असेल तर तो टोचनचा हुक नाही, शोभेचा आहे. तो चासीच्या मागच्या आडव्या मेंबरला, आतून प्लेट देऊन, बोल्टने हवा. वर्षातून एकदा तिथली माती, ग्रीस घासून काढा आणि डोळ्याने बघा. तडा केसाएवढा असतो, गंज त्या रेषेतून बाहेर येतो, त्यावरून कळतो. पिनला साधं लोखंड चालत नाही. आणि पिन किती का चांगली असेना, दोन साखळ्या आडव्या मारून लावायच्या, एकमेकींना छेदून, म्हणजे पिन गेली तरी दांडा जमिनीत रुतत नाही.

ट्रॉलीत माल भरताना जड माल आसाच्या थोडा पुढे. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यायला हवा. मागे जास्त भरला तर ट्रॉली शेपटी हलवते आणि जीपची मागची चाकं उचलायला बघते. कांद्याच्या त्या दिवशी आम्ही मागूनच भरला होता.

ब्रेक ड्रमचे आहेत. ओढा ओलांडला की पहिले दोन-तीनशे मीटर ब्रेक हलके दाबत चालायचं, लायनर वाळतात. मळणीच्या हंगामाआधी चारही ड्रम उघडा, व्हील सिलिंडरचे रबर बदला, किंमत फार नसते. घाट उतरताना ज्या गिअरवर चढलो असतो त्याच्या खालच्याच गिअरवर उतरायचं. ब्रेकवर उतरलं की ड्रम तापतात आणि चौथ्या वळणाला पाय नुसता आत जातो.

पाण्यातून गेल्यावर हाऊसिंगचं तेल बघा. नव्वद नंबरचं ऑइल ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर पाणी शिरलंय, ते त्याच आठवड्यात बदला. माझ्या एका शेजाऱ्याने सहा महिने काढले, शेवटी क्राऊन-पिनियन दोन्ही गेले. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला पावसाळ्यात पंधरा दिवसांनी ग्रीस मारायचं. गाडी उचलताना टक् असा आवाज आला की क्रॉस बोलायला लागलाय, पुढच्या खेपेला तुटणार. पाट्यांच्या शॅकल पिनांना पण ग्रीस लागतं, ते लोक विसरतात. मग खड्ड्यात स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि आपण व्हील बॅलन्सिंगला पैसे घालवतो, खरं दुखणं किंगपिनात नाहीतर पाट्याच्या बुशात असतं.

रेडिएटरबद्दल एकच. भाताचा तूस त्याच्या जाळीत बसतो. मळणी झाल्यावर आतल्या बाजूने पाणी मारून धुवा. फॅनच्या बाजूने, समोरून नाही.

कागदाचंही सांगतो, कारण प्रश्न तिथेच अडलाय. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ट्रेलरसुद्धा मोटार वाहन धरलाय, त्याचीही नोंदणी लागते, आणि आपल्या बहुतेकांकडे ती नसते. अपघात झाला की विम्याची कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. जुन्या गाडीची नोंदणी वाढवायची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या अशा गाड्यांना ती १०,००० केली. वर ग्रीन टॅक्स, विमा, पीयूसी, आणि पास करायच्या आधीचं काम. भंगारात दिली तर सर्टिफिकेट मिळतं, त्यावर नवीन खाजगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते असा केंद्राचा नियम आहे. मुलगा हे सगळं मोबाइलवर दाखवतो. त्याचं चुकीचं नाही. जुन्या इंजिनाचा धूर मी रोज बघतो, मागे बसणाऱ्याचे कपडे सांगतात. पण फोर व्हील लो असलेली, या पैशात मिळणारी, आणि गावच्या मिस्त्रीला उघडता येणारी नवीन गाडी मला तरी दिसली नाही. पिकअप हायवेवर माल नेईल. ओढ्यातून मळणी यंत्र कोण काढणार?

तर परवा गेलो. वर्तकनगर आता ओळखू येत नाही. गिरणी कधीच बंद झाली, तिथे टॉवर उभे आहेत. मामांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. आंब्याचं झाड गेलं. चाचा वारले त्याला बरीच वर्षं झाली, त्यांचा मुलगा गल्लीतल्या एका गाळ्यात बसतो, एकावेळी एकच गाडी आत येते. तोही म्हणाला, भाऊ, हा गाळापण दीड-दोन वर्षांत जाईल, मग भिवंडीच्या पुढे कुठे बघतो. जीपा किती येतात विचारलं तर हसला. महिन्याला दोन-तीन, त्यातल्या अर्ध्या हौशी पोरांच्या, ज्यांना मोठी चाकं टाकून फोटो काढायचे असतात.

त्याने गाडी खड्ड्यावर घेतली, हातोडीने चासी वाजवत मागे गेला. दोन ठिकाणी आवाज बद्द आला. मागच्या मेंबरला, हुकाच्या डाव्या बाजूला, बोटभर तडा निघाला. मी गेल्याच आठवड्यात मळणी यंत्र ओढलं होतं. इंजिन म्हणाला उत्तम आहे, नोजल साफ करू, पंप एकदा कॅलिब्रेट करू, धूर उतरेल. मेंबर मात्र कापून नवीन टाकायला लागेल, वागळेला प्लेट वाकवून आणावी लागेल. सगळं मिळून बावीस हजार सांगितले, पासिंग वेगळं.

घरी येऊन आकडा सांगितला. मुलगा गप्प बसला. भाऊ ओट्यावर भेंडीचं ठिबक गुंडाळत होता, तो तिथूनच म्हणाला, पिन बघितली का? म्हटलं बघितली, चांगली आहे. म्हणाला, साखळ्या? म्हटलं त्यापण. मग म्हणाला, मेंबर टाकून घे.

शुक्रवारी परत जातोय. ट्रॉली नेणार नाही, तडा आहे तोवर हुकाला काही लावायचं नाही. कुणाचा टेम्पो रुतला तर या आठवड्यात दुसरीकडे फोन करा.